नको असलेलं टायटल : स्टॅन्सगेट घराण्याचं प्रकरण (1942 ते 1963)

पार्श्वभूमी

वडिलांना मिळालेला लॉर्डचा वंशपरंपरेचा किताब मुलाला नको होता आणि तो सोडायला त्याने सरकारला कायदाच बदलायला लावला, त्याची ही गोष्ट. वडील विल्यम वेजवुड बेन हे नाव आज आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही, पण जून 1929 ते ऑगस्ट 1931 या काळात लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार बघणारे भारतमंत्री हेच होते. ऑक्टोबर 1929 ची व्हाइसरॉय आयर्विनची वसाहतीच्या स्वराज्याची घोषणा, दांडी, गांधीजींना येरवड्यात ठेवणं, सोलापूरचा मार्शल लॉ, पहिली गोलमेज परिषद हे सगळं त्यांच्या काळातलं. 12 जानेवारी 1931 ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं तेव्हाही खुर्चीवर हेच. तिकडे त्यांची ओळख उदारमतवादी, सरळमार्गी माणूस अशी आहे, ती ऐकताना सोलापूरकराने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर हे बेन मूळचे लिबरल, 1906 पासून खासदार, पहिल्या महायुद्धात पदकं मिळवलेली, 1927 ला लेबर पार्टीत गेले आणि गेल्यावर सीटचा राजीनामा दिला, म्हणजे पक्ष बदलला तर जुन्या पक्षाच्या नावावर मिळालेली सीट ठेवायची नाही असा हिशोब (आपल्याकडे हे वाचून हसू येईल, पण असो). घरात बायको मार्गारेट आणि तीन मुलं, मायकेल 1921 चा, अँथनी म्हणजे पुढे जगाला माहीत झालेला टोनी बेन 1925 चा, आणि धाकटा डेव्हिड. खानदानी जमीनदार वगैरे काही नाही, आजोबा प्रकाशन व्यवसायातले आणि राजकारणातले, त्यांना बॅरोनेट हा छोटा किताब मिळालेला पण तो विल्यमच्या थोरल्या भावाकडे गेला.

1941 च्या शेवटी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत चर्चिलचं संमिश्र सरकार चालू होतं आणि लेबरची अडचण अशी की हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यांची माणसं अगदी थोडी होती. बिलं वरच्या सभागृहात मांडायला, बोलायला कुणीतरी हवं. म्हणून काही ज्येष्ठ लेबर नेत्यांना लॉर्ड करायचं ठरलं, त्यात बेन यांचं नाव आलं, आणि 1942 च्या जानेवारीत ते व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. स्टॅन्सगेट हे एसेक्समधलं ठिकाण, तिथे त्यांचं घर होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला लागते. आज ब्रिटनमध्ये लॉर्ड करतात ते बहुतेक त्या माणसाच्या हयातीपुरतं, पण त्याचा कायदा आला 1958 साली. 1942 मध्ये राजकारण्याला लॉर्ड करायचं म्हणजे वंशपरंपरेनेच, बाप गेला की थोरला मुलगा आपोआप लॉर्ड. आणि लॉर्ड झालेला माणूस हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या खालच्या सभागृहात, बसू शकत नसे, म्हणजे खासदारकी संपली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर पंतप्रधान व्हायचं स्वप्नही जवळजवळ संपलं. आपल्या पाटीलकीच्या वतनासारखं समजा, फक्त इथे तेव्हा वतन सोडायची सोयच नव्हती.

पहिला निर्णय : मोठ्याला विचारलं

हे सगळं विल्यमना माहीत होतं, म्हणून त्यांनी थोरल्या मायकेलला विचारलं. मायकेलला पुढे चर्चमध्ये पाद्री व्हायचं होतं, त्याला खासदारकीत रस नव्हता, त्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. कागदावर निर्णय बिनखर्चाचा दिसला. पक्षाची गरज भागली, वडिलांना सन्मान मिळाला आणि वारसाचं काही अडत नव्हतं.

पण विचारलं एकाला आणि बांधली गेली पुढची अख्खी रांग. मधला टोनी तेव्हा सोळा वर्षांचा, राजकारणाचं वेड असलेला, लहानपणी गांधीजी लंडनला आले तेव्हा त्यांना भेटलेला, घरात मंत्री-खासदारांची ये-जा बघत मोठा झालेला. ज्याला या टायटलचा त्रास होऊ शकत होता तो नेमका हाच, आणि वारसाच्या रांगेत तो दुसरा म्हणून त्याचा प्रश्न कुणाच्या हिशोबातच आला नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातली खरी चूक इथेच आहे, कारण ते साल युद्धाचं होतं, मुलगा लढाईत जायच्या वयाचा होता, आणि थोरला जिवंत राहील हे गृहीत धरून केलेला हिशोब हा हिशोब म्हणायलाच कठीण.

जून 1944 मध्ये मायकेलचा विमान अपघातात मृत्यू झाला. टोनी तेव्हा ऱ्होडेशियात पायलटचं ट्रेनिंग घेत होता. भाऊ गेल्याची बातमी आणि आता टायटलचा वारस आपण, दोन्ही एकदमच त्याच्या वाट्याला आलं.

नेमकी अडचण

नोव्हेंबर 1950 मध्ये टोनी ब्रिस्टल साउथ ईस्टमधून पोटनिवडणूक जिंकून खासदार झाला, पंचविसाव्या वर्षी. ही सीट सोडली होती सर स्टॅफर्ड क्रिप्सनी तब्येतीमुळे, हो, तेच 1942 च्या क्रिप्स मिशनवाले. सीट सुरक्षित होती, माणूस बोलायला जबरदस्त होता, पक्षात पुढे जाणार हे दिसत होतं, आणि डोक्यावर मात्र तलवार, की वडील गेले त्या दिवशी हे सगळं संपणार.

वडील तेव्हा सत्तरी ओलांडलेले पण धडधाकट, त्यामुळे वेळ होता. अशी केस पहिलीच होती असंही नाही. 1890 च्या दशकात असेच तीन तरुण वारसदार खासदार होते, त्यातला एक जॉर्ज कर्झन, आपला बंगालच्या फाळणीवाला व्हाइसरॉय. या तिघांनी वारसा आला तरी कॉमन्समध्येच राहता यावं म्हणून बिल आणून बघितलं, चाललं नाही. त्यातल्या वुल्मरचे वडील 1895 मध्ये वारले, तो कॉमन्समध्ये तसाच बसायला गेला आणि सभागृहाने त्याची सीट रिकामी झाली असं ठरवून टाकलं. कर्झनने 1898 मध्ये हिंदुस्थानात येताना स्वतःसाठी जो किताब घेतला तो मुद्दाम आयरिश घेतला, कारण आयरिश लॉर्डला कॉमन्समध्ये परत येता येत होतं. म्हणजे पळवाटा शोधणारी डोकी आधीपासून होती. अगदी टोनी निवडून आला त्याच वर्षी क्विंटिन हॉग या कॉन्झर्व्हेटिव्ह खासदाराचे वडील वारले, त्याने पंतप्रधान ॲटलींना कायदा बदला म्हणून विनंती केली आणि ॲटलींनी नाही म्हटलं. लेबरच्या पंतप्रधानाने! हॉगला निमूट लॉर्ड हेलशॅम होऊन वर जावं लागलं.

समोरचे पर्याय

टोनीसमोर साधारण चार रस्ते होते. गुपचूप लॉर्ड होणं हा पहिला, यात मंत्रिपद कदाचित मिळालं असतं पण खालच्या सभागृहाचं राजकारण कायमचं बंद. दुसरा, वडील हयात असतानाच फक्त आपल्यापुरता एक कायदा करून घेणं. तिसरा, सगळ्यांसाठी कायदा बदलायला लावणं, हा सगळ्यात न्याय्य पण सत्ताधाऱ्यांना त्यात काय पडलंय, मेहनत तुमची आणि वेळ त्यांच्या मर्जीवर. चौथा म्हणजे वारसा आल्यावर थेट टक्कर देणं, कोर्टात आणि मतदारांपुढे.

त्याने दुसऱ्यापासून सुरुवात केली आणि हे मला समजण्यासारखं वाटतं, कमी भांडणाचा रस्ता तोच होता. 1955 मध्ये टायटल सोडायची परवानगी मागणारा खासगी कायदा लॉर्ड्सपुढे नेला, ज्यांचं टायटल मुलाला नको होतं त्या वडिलांनीच लॉर्ड्समध्ये मुलाची बाजू मांडली, आणि लॉर्ड्सनी नकार दिला. या काळात एका माणसाचा पाठिंबा मात्र भारी होता, तो म्हणजे चर्चिल. गंमत बघा, 1929 ला विल्यम बेन मंत्री असताना आयर्विनच्या घोषणेला विरोध करणाऱ्यांत चर्चिल पुढे, 1942 चं टायटल चर्चिलच्याच सरकारच्या काळातलं, आणि आता तेच चर्चिल लिहून देतायत की मुलांना असा वारसा नाकारायचा हक्क असावा असं माझं ठाम मत आहे. ते पत्र टोनीने जपून ठेवलं, पुढे कामाला आलं.

दुसरी संधी हातातून गेली ती 1958 ला. हयातीपुरते लॉर्ड करायचा कायदा झाला, लॉर्ड्सची रचना बदलायला सरकारने एकदाची फाइल उघडली, आणि वारसा नाकारायचं एक कलम त्यात घालता आलं असतं, पण घातलं नाही. ही निर्णयाची जागा फारशी कुणी चर्चेत घेत नाही, पण ते कलम आलं असतं तर पुढचं सगळं नाटक झालंच नसतं.

काय केलं

17 नोव्हेंबर 1960 ला विल्यम बेन वारले, 83 वर्षांचे होते. टोनीसाठी वेळ याहून वाईट असू शकत नव्हती. अण्वस्त्रांच्या मुद्द्यावरून पक्षात भांडण पेटलेलं, महिनाभर आधीच त्याने मध्यस्थी जमेना म्हणून पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीचा राजीनामा दिलेला, आणि नेता ह्यू गेट्सकेल त्यामुळे नाराज. म्हणजे ज्याच्या पाठिंब्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याशीच नुकतं बिनसलेलं.

वडिलांचं दुःख करायला सवड नाही. पगार बंद, सभागृहाचं दार बंद. त्याने टायटल सोडल्याचा लेखी कागद केला, सभागृहाकडे अर्ज केला, तो समितीकडे गेला आणि समितीने 1961 च्या मार्चमध्ये सांगितलं की टायटल हे रक्ताशी जोडलेलं आहे, सही करून सुटत नाही. सभागृहासमोर येऊन आपली बाजू मांडू द्या एवढं मागितलं, तेही एप्रिलमध्ये बहुमताने नाकारलं. सीट रिकामी धरून ब्रिस्टलमध्ये पोटनिवडणूक लागली.

आता खरा निर्णय. कायद्याने तो अपात्र, हे सगळ्यांना माहीत, मग उभं राहायचं का? राहायचं तर पक्षाने तिकीट द्यायचं का, कारण जिंकला तरी सीट हरायची भीती. ब्रिस्टलच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तिकीट दिलं, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात धाडसी काम टोनीचं नाही, या लोकांचं आहे. त्याच्याकडे गमवायला फार काही उरलं नव्हतं, यांच्याकडे एक अख्खी सीट होती. चर्चिलचं पत्र छापून वाटलं. विरोधी उमेदवार कॉन्झर्व्हेटिव्ह माल्कम सेंट क्लेअर, त्यांच्या बाजूने जाहीर सूचना लावल्या की बेन अपात्र आहे, त्याला दिलेलं मत वाया जाईल. (हे सेंट क्लेअर स्वतःसुद्धा एका लॉर्डच्या टायटलचे संभाव्य वारस होते, ब्रिटिश राजकारण कधीकधी नाटककाराला लाजवतं.)

4 मे 1961 ला मतदान झालं. बेनला 23,275, सेंट क्लेअरना 10,231. आधीच्या 1959 च्या निवडणुकीत फरक 5,827 चा होता, आता 13,044 चा. म्हणजे मत वाया जाईल हे वाचूनही लोकांनी दुपटीहून जास्त फरकाने त्यालाच निवडलं.

चार दिवसांनी तो हाउस ऑफ कॉमन्सच्या दारात गेला. दारावरच्या मुख्य द्वारपालाने अडवलं, स्पीकरचा हुकूम आहे, तुम्हाला आत जाता येणार नाही. टोनीने शांतपणे विचारलं की मी जायचा प्रयत्न केला तर बळ वापराल का, तो म्हणाला हो, आणि टोनी मागे फिरला. हा प्रश्न त्याने विचार करून विचारलेला असणार असं मला वाटतं. निवडून आलेला खासदार, हातात मतदारांचा कौल, आणि संसदेचा माणूस त्याला सांगतोय की तुला ताकदीने अडवीन, हे वाक्य बाहेर यायला हवं होतं आणि आलं. आरडाओरडा केला असता, धक्काबुक्की केली असती तर दुसऱ्या दिवशीच्या बातम्या त्याच्या वागण्याच्या झाल्या असत्या, आता त्या नियमाच्या झाल्या.

त्यानंतर सेंट क्लेअर निवडणूक कोर्टात गेले. टोनीने वकील न लावता स्वतः केस चालवली, दिवसच्या दिवस जुने दाखले देत उभा राहिला. त्याचा मुद्दा होता की मी लॉर्ड्समध्ये बसायचं बोलावणं मागितलेलंच नाही, मग मी अपात्र कसा. 28 जुलै 1961 ला दोन न्यायाधीशांनी निकाल दिला, बोलावणं मागा किंवा न मागा, वडील गेले त्या क्षणी तुम्ही लॉर्ड झालात, आणि मतदारांना हे माहीत होतं म्हणून तुमची मतं बाद. दहा हजार मतांवाला खासदार, तेवीस हजारवाला घरी, वर समोरच्याचा कोर्टखर्चही याच्याच डोक्यावर.

कायद्याच्या दृष्टीने निकाल चुकीचा नव्हता. तोच तर मुद्दा आहे, कायदा बरोबर लागू झाला आणि निकाल सगळ्या देशाला विचित्र दिसला, इतका की सरकारला गप्प बसणं परवडेना. टोनी कोर्टात जिंकायला गेला होता की हरून दाखवायला, हे त्याचं त्याला माहीत, पण हरण्याचा फायदा जिंकण्यापेक्षा कमी झाला नाही.

काय झालं पुढे

पंतप्रधान मॅकमिलन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली, तिचा अहवाल 1962 च्या शेवटी आला, वारसा नाकारायची मुभा द्या म्हणून. 1963 मध्ये बिल आलं. सरकारचा बेत होता की कायदा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू व्हावा, पण लॉर्ड्सनीच दुरुस्ती करून तो ताबडतोब लागू करवला. ज्या सभागृहाने 1955 ला नाही म्हटलं होतं त्यानेच! यामागे टोनीवरचं प्रेम किती आणि कॉन्झर्व्हेटिव्ह लॉर्ड्सची स्वतःची गणितं किती, हे पुढच्या तीन महिन्यांत दिसलंच.

31 जुलै 1963 ला संध्याकाळी सहाला राणीची मंजुरी जाहीर झाली आणि सहा बावीसला टोनी बेनने टायटल सोडलं, देशात पहिला. सेंट क्लेअरनी मात्र इथे माणुसकी दाखवली, बेनच्या अपात्रतेचा प्रश्न सुटला की सीट सोडीन असं ते म्हणाले होते आणि शब्द पाळून राजीनामा दिला. 20 ऑगस्टला पुन्हा पोटनिवडणूक, कॉन्झर्व्हेटिव्हनी उमेदवारच दिला नाही, टोनी परत आत. पुढच्या वर्षी लेबर सरकार आलं आणि तो पोस्टमास्टर जनरल झाला, नंतर तंत्रज्ञान, उद्योग, ऊर्जा अशी मंत्रिपदं.

पण या कायद्याचा पहिला मोठा फायदा उचलला तो समोरच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने. ऑक्टोबर 1963 मध्ये मॅकमिलन आजारपणामुळे पायउतार झाले, आणि पंतप्रधान झाले अर्ल ऑफ होम, त्यांनी याच कायद्याखाली चौदावा अर्ल हे टायटल सोडलं आणि पोटनिवडणूक जिंकून कॉमन्समध्ये आले. मधले काही दिवस ब्रिटनचा पंतप्रधान कुठल्याच सभागृहात नव्हता. स्पर्धेत उतरलेला दुसरा माणूस कोण, तर तोच हेलशॅम, म्हणजे 1950 चा क्विंटिन हॉग, त्यानेही टायटल सोडलं. लेबरच्या एका डाव्या खासदाराने वर्षानुवर्षं दार ढकललं, आणि उघडल्यावर आधी आत शिरून पंतप्रधान झाला तो कॉन्झर्व्हेटिव्ह अर्ल.

कुठे वेगळं करता आलं असतं

1942 चा निर्णय. पक्षाला लॉर्ड्समध्ये माणसं हवी होती हे खरं, पण ज्यांना मुलगे नाहीत किंवा ज्यांच्या मुलांना राजकारणात यायचं नाही अशांना पुढे करता आलं असतं. बेन यांच्या घरात तीन मुलगे, त्यातला एक उघडउघड राजकारणाकडे वळलेला. विचारायचंच होतं तर टोनीलाही विचारायला हवं होतं, सोळा वर्षांचा असला म्हणून काय झालं.

1955 ची खेळी. फक्त आपल्यापुरता कायदा मागितल्याने लॉर्ड्सना नाही म्हणणं सोपं गेलं, एकट्यासाठी नियम का वाकवायचा असं म्हणता येतं. तेव्हाच हॉगसारख्या दुसऱ्या पक्षाच्या लोकांना बरोबर घेऊन सगळ्यांसाठीचं बिल मागितलं असतं तर कदाचित 1958 च्या कायद्यात ते बसलं असतं. याला उलट बाजूही आहे, लेबरमध्ये बऱ्याच जणांना लॉर्ड्स सुधारायचेच नव्हते, जितके हास्यास्पद दिसतील तितकं बरं, म्हणून टोनीला आपल्याच पक्षातून पूर्ण जोर मिळणं अवघड होतं.

गेट्सकेलशी भांडणाची वेळ. तत्त्वाचा प्रश्न होता, मान्य, पण वडील 83 वर्षांचे आहेत आणि कुठल्याही दिवशी नेत्याची गरज पडणार आहे हे माहीत असताना राजीनामा फेकणं परवडणारं नव्हतं. तो तसाच होता, नंतरही आयुष्यभर तसाच राहिला.

आणि कायद्याची घडण. टायटल सोडता येतं ते फक्त स्वतःच्या हयातीपुरतं, संपवता येत नाही. वारसा आल्यापासून वर्षभरात सोडायचं, आणि खासदार असाल तर महिन्याभरात, नाहीतर अडकलात. त्यामुळे 2014 च्या मार्चमध्ये टोनी बेन वारला तेव्हा स्टॅन्सगेटचं टायटल झोपेतून उठावं तसं थोरल्या स्टीफनकडे गेलं, तो तिसरा व्हायकाउंट झाला आणि त्याने ते सोडलं नाही. 1999 नंतर वंशपरंपरेच्या लॉर्ड्सपैकी 92 जणच सभागृहात ठेवले होते, त्यातली जागा रिकामी झाली की भरायची, तशा एका जागेवर स्टीफन 2021 मध्ये लेबरकडून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाऊन बसला. त्याचा धाकटा भाऊ हिलरी तेव्हा कॉमन्समध्ये होता. स्टीफनची मुलगी एमिली 2010 मध्ये विसाव्या वर्षी लेबरकडून खासदारकीला उभी राहून हरली होती, तिला या टायटलचा त्रास कधीच होणार नाही, कारण ते मुलींकडे जातच नाही, आणि 1963 च्या कायद्यात ते बदलायचा प्रश्न कुणी सोडवला नाही.